काहीच झालं नाही

सतरा नंबरची इमारत पाडायची ठरली होती,
म्हणून ती आमच्या वाट्याला आली.
गालिच्यावर कुणाकुणाच्या कॉफीचे जुने डाग,
लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबून विचार करायची,
आणि समोर कंपनीचं वैभव, अकरा मजली, काचेचं,
खोक्यात घालून विकलेल्या सॉफ्टवेअरवर उभं.
तिथले लोक कॅन्टीनमध्ये गाठून विचारायचे,
"काय, ढगवाले! पाऊस कधी?"

पहिल्या दिवशी मारिट हॉगनने फळ्यावर लिहिलं:
प्रत्येक यंत्र मरणार आहे.
खाली रेघ ओढली.
"आता इथून सुरुवात करू."

वेंडल प्रुइट मागे, हाताची घडी घालून.
तीस वर्षं त्यानं सर्व्हर सांभाळले
आणि एकेकाचं बारसं केलं इथल्या नद्यांवरून:
स्कॅजिट, नूकसॅक, स्नोक्वाल्मी.
नूकसॅक थंडीत रुसतो.
स्कॅजिटला धाप लागली की फोनवरून ऐकूनच सांगायचा
कुठला पंखा गेलाय ते.
एका नाताळात घरचे टाकोमाला ताटावर खोळंबलेले
आणि हा स्कॅजिटच्या उशाशी,
डिस्क बदलत, हळू आवाजात त्याला काहीबाही सांगत.

"यांची नावं काय ठेवायची?" त्यानं विचारलं.
"नावं नाहीत. क्रमांक," मारिट म्हणाली.
"तोही पाठ करू नकोस."

मग दोन वर्षं.
एकाला ठाऊक ते तिघांना ठाऊक असावं,
म्हणजे एक गेला तरी गोष्ट उरते.
बोलायला सोपं.
ते तिघे रात्रभर भांडायचे, खरं कोण सांगतंय यावर,
आणि घड्याळं अशी की तिघांची तीन.
आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावायचं,
ही म्हण आम्ही अक्षरशः जगलो,
पिझ्झा गार होईस्तोवर, पुन्हा गरम करून पुन्हा गार होईस्तोवर.
बावीसचे सतरा झालो.
गेलेल्यांपैकी दोघे काचेच्या इमारतीतून हात हलवायचे.

ढग जमिनीवरच होता खरं तर,
डोंगरापलीकडे, जिथं वर्षाला जेमतेम आठ इंच पाऊस.
बटाट्याच्या शेतांना लागून बिनखिडक्यांच्या लांबच लांब शेड,
कोलंबियाच्या धरणाची स्वस्त वीज पिणाऱ्या.
रुफिना ओकॅम्पो तिथं रात्रपाळीला.
तिच्या बापानं याच मातीत घेवडा तोडला होता, रोजंदारीवर.
"तेव्हाही रांगाच होत्या," ती म्हणायची,
"फक्त वाकावं लागायचं."

नोव्हेंबर. पहाटेचे तीन दहा.
बाराव्या रांगेतलं एक यंत्र गेलं.
आम्ही सगळे पडद्याला डोळे लावून,
वेंडलचा हात सवयीनं कोटाकडे, गाडीच्या किल्लीकडे.

याकिमातल्या बेकरीच्या ऑर्डरी येत राहिल्या:
बावन्न दालचिनी रोल, सकाळी साडेसहाला.
स्पोकेनमधल्या कुणाची दाताच्या डॉक्टरची वेळ
मंगळवारचीच राहिली.
आलेखाची रेघ थरथरलीसुद्धा नाही.

काहीच झालं नाही.
दोन वर्षं राबून आम्ही हे केलं होतं:
काहीच न होणं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
कशाला वाजवायच्या ते चटकन सुचेना.

वेंडलनं रुफिनाला फोन लावला.
"कुठलं होतं?"
तिनं क्रमांक वाचला, चौदा आकडी.
तो लिहीत गेला पाकिटाच्या पाठीवर, नवव्या आकड्याशी थांबला.
"जरा ऐकव."
"ते बंद आहे, मिस्टर प्रुइट."
"बाकीचे ऐकव."

तिनं फोन रांगेत उंच धरला असणार.
हजारो पंखे,
एकही वेगळा काढता येऊ नये असा घोष,
बर्फ वितळल्यावर पुलाखालून जातो तसा.
त्यानं डोळे मिटले.
त्याचे ओठ हलले, मला शब्द कळला नाही.

मग ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत दूर गेलं.
वेंडलनं कोट पुन्हा खुंटीला लावला,
आणि मारिटला म्हणाला,
"दुसरं एखादं मारून बघायचं?"